निराधारांची कैवारीण : डॉरोथिया डिक्स

आमच्या माहेरच्या वाड्यात परसदाराला लागून एक खोली होती. तिला बाहेरून कडी असे. त्या खोलीत माझी आत्या राहत असे. पाहुणे आले की आत्या गावी गेली आहे असे सांगायचे, ही शिकवण आम्हां मुलांना लहानपणीच मिळाली होती, आणि मीही ती निमूटपणे पाळली. थंडीच्या दिवसांतही तिच्या अंगावर धड पांघरूण नसे. तिला थंडी कळत नाही, अशी घरात सर्वांची समजूत होती. पुढे पुष्कळ वर्षांनी डॉरोथिया डिक्स या अमेरिकन विदुषीचे चरित्र माझ्या वाचनात आले. त्यातला एक प्रसंग वाचला आणि मी पुस्तक मिटून स्वस्थ बसून राहिले. त्या बाईंची ओळख भगिनींना करून द्यावी, एवढ्याचसाठी हा लेख.

डिक्सबाईंचा जन्म १८०२ साली मेन प्रांतातील हॅम्पडेन गावी झाला. वडील फिरते धर्मोपदेशक, आई नेहमी आजारी. घरात ना पैसा, ना सौख्य. बाराव्या वर्षाच्या सुमारास ही मुलगी बॉस्टनला आजीकडे आली आणि चौदाव्या वर्षी स्वतःच लहान मुलांची शाळा चालवू लागली. १८२४ साली त्यांनी मुलांसाठी रोजच्या वापरातील वस्तूंची माहिती देणारे एक पुस्तक लिहिले. त्याच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या. परंतु अतिश्रमाने १८३६ मध्ये प्रकृती साफ ढासळली. हवापालटासाठी त्या इंग्लंडला गेल्या आणि लिव्हरपूलच्या रॅथबोन कुटुंबात राहिल्या. मनाच्या रोग्यांना साखळदंडांऐवजी मायेने आणि कामात गुंतवून वागवावे, हा नवा विचार त्यांना तेथे समजला.

आता तो प्रसंग सांगते. मार्च १८४१ मध्ये त्या केंब्रिज येथील तुरुंगात स्त्री कैद्यांना धर्मपाठ शिकवण्यास गेल्या. तेथे काही वेड्या स्त्रिया, कोणताही गुन्हा नसताना, शेगडीवाचून गारठलेल्या कोठडीत कोंडलेल्या दिसल्या. विचारले तर उत्तर मिळाले, वेड्यांना थंडी समजत नाही! बाईंनी न्यायालयापर्यंत धाव घेतली आणि त्या कोठडीत ऊब आणवली.

पण एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. मॅसॅच्युसेट्समधील तुरुंग आणि निराधारगृहे त्यांनी पायांखाली घातली आणि जे दिसले ते टिपून ठेवले : कोण पिंजऱ्यात, कोण तळघरात, कोण उघडानागडा साखळीने बांधलेला. जानेवारी १८४३ मध्ये ही हकीकत निवेदनरूपाने विधिमंडळापुढे गेली. स्त्रीला तेथे बोलण्याची सोय नव्हती; म्हणून अंधशिक्षणाचे पुरस्कर्ते डॉ. हौ यांनी ते मांडले. ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांनी हे सारे खोटे म्हणून गिल्ला केला, तरी वुस्टरचे रुग्णालय वाढवण्यास मंजुरी मिळाली. मग बाई प्रांतामागून प्रांत फिरल्या. १८४८ साली न्यू जर्सीत ट्रेंटनचे रुग्णालय उघडले. त्याला त्या आपले पहिले अपत्य मानीत. अशी तिसांहून अधिक रुग्णालये त्यांच्या खटपटीने उभी राहिली किंवा वाढली.

अपयशही वाट्याला आले. सव्वा कोटी एकरांच्या आसपास सरकारी जमीन या कामासाठी द्यावी, हे विधेयक सहा वर्षे झगडून १८५४ साली दोन्ही सभागृहांत मंजूर झाले, तर अध्यक्ष पिअर्स यांनी ते नाकारले. बाई खचल्या आणि युरोपला गेल्या. पण तेथेही स्कॉटलंडमधील वेड्यांची दैना पाहून त्यांनी सरकारी चौकशी करवलीच. १८६१ नंतरच्या यादवी युद्धात त्या लष्करी परिचारिकांच्या प्रमुख झाल्या. तेथे त्यांच्या करड्या स्वभावामुळे डॉक्टरांशी पुष्कळ खटके उडाले. गुलामगिरीसारख्या घोर अन्यायाविषयी मात्र त्या बहुधा गप्पच राहिल्या. थोरांच्या चरित्रातील असा उणा भाग झाकू नये, असे मला वाटते.

१८८१ साली थकलेल्या बाई ट्रेंटनच्याच रुग्णालयात राहावयास आल्या आणि १८८७ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. प्रसिद्धीचे त्यांना वावडे होते. तरी त्यांचे जीवन आपल्याला कळते ते कागदांमुळे. मैत्रीण ॲन हीथ हिला त्यांनी वर्षानुवर्षे पत्रे लिहिली. अशा पत्रांवरून आणि टिपणांवरून टिफनी यांनी १८९० साली त्यांचे चरित्र लिहिले. आज त्यांचे कागदपत्र हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात जपून ठेवलेले आहेत.

माझ्या आत्याचा मात्र एकही कागद नाही. तिचे अक्षर कसे होते, हेदेखील मला ठाऊक नाही. ज्यांना डिक्सबाईंनी शोधून काढले, त्यांचेही कागद नव्हते. त्यांच्या वतीने कोणीतरी लिहिले, म्हणून ती माणसे आपल्याला कळली.

भगिनींनो, ही गोष्ट परदेशची आणि जुनी म्हणून सोडून देऊ नका. २००१ साली तमिळनाडूत एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्याने होरपळून मेले. आपल्याकडील २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली आहे. पण घरातली कडी कायदा कोठवर पाहणार? ती आपणच काढली पाहिजे. कोणाच्या घरी असे माणूस असेल तर त्याला डॉक्टरांकडे न्या, शेजारणीला विश्वासात घ्या, आणि मुलांना निदान एवढे तरी शिकवू नका, की आत्या गावी गेली आहे.