अणुबॉम्बनंतर त्याला सुचलेली गोष्ट

घरात कुणाचं रेडिएशन झालं असेल, तर त्याचा त्रास तुम्ही पाहिलाच असेल. गाठीवर सोडलेले एक्स-रे वाटेतल्या चांगल्या पेशींनाही इजा करतात आणि गाठीपलीकडे जाऊनही थांबत नाहीत. यावर १९४६ मध्ये डोकं लावलं ते रॉबर्ट विल्सन या अमेरिकन फिजिसिस्टने.

त्याआधी हा काय करत होता माहितीये? लॉस अलामॉसमध्ये अणुबॉम्बचं काम. तिथे गेला तेव्हा वय जेमतेम २९. जर्मनी हरली तेव्हाच आपण थांबायला हवं होतं, ही खंत त्याला शेवटपर्यंत राहिली. हिरोशिमानंतर त्याने शस्त्रांच्या कामाला रामराम ठोकला.

मग हार्वर्डसाठी नवा सायक्लोट्रॉन डिझाइन करताना त्याने हिशोब मांडला. प्रोटॉन शरीरात शिरताना कमी ऊर्जा सोडतो, थांबण्याच्या जरा आधी सगळ्यात जास्त, आणि पुढे जवळपास काहीच नाही. म्हणजे वेग ठरवला की थांबायची जागाही ठरते! पण तेव्हा सीटी स्कॅनच नव्हते. गाठ नेमकी किती खोल, हे दिसणार कसं?

बर्कलीत पहिले पेशंट १९५४ मध्ये. अमेरिकेतलं हॉस्पिटलमधलं पहिलं प्रोटॉन सेंटर थेट १९९० मध्ये, कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडात. तिथलं मशीन बनवलं फर्मीलॅबने, आणि फर्मीलॅबचा पहिला डायरेक्टर होता विल्सनच. (तो शिल्पंही घडवायचा, बरं का!) २००० मध्ये तो गेला.

ही ट्रीटमेंट महाग आहे आणि प्रत्येक कॅन्सरला लागतही नाही. पण लहान मुलांच्या मेंदूतल्या काही गाठींसाठी डॉक्टर तिचा आवर्जून विचार करतात. आपल्याकडे खारघरला, टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेकमध्ये ती २०२३ पासून मिळते.