रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजाचे नाव कोणास ठाऊक नाही? परंतु ज्यांचे ते नाव, ते गृहस्थ दगडांचे केवढे मर्मज्ञ होते, हे फार थोड्यांस माहीत असते. भूगर्भशास्त्राचा बिल्ला मिळविण्याची तयारी करणाऱ्या बालवीरांस हल्ली नकाशे, पुस्तके व नमुने सर्व काही हाताशी असते. ह्यांतले फारसे काही नसता डोळस मनुष्य काय करू शकतो, हे त्यांस कळावे म्हणून हे अल्पचरित्र आम्ही येथे देत आहोत.

हिस्लॉप ह्यांचा जन्म स्कॉटलंडातील डन्स गावी ८ सप्टेंबर १८१७ रोजी झाला. सृष्टिनिरीक्षणाची गोडी त्यांस बालपणापासूनच होती. मिशनरी म्हणून ते १८४४ च्या अखेरीस मुंबईस उतरले व पुढील वर्षी नागपुरास आले. तेथे तेव्हा भोसल्यांचे राज्य होते. त्यांनी मराठीचा अभ्यास केला आणि १८४६ साली शाळा काढली. शाळेचे काम हेच त्यांचे मुख्य काम. दगडांसाठी वेळ मिळे तो त्यातून उरेल तेवढाच.

१८४७ साली रॉबर्ट हंटर हे सहकारी त्यांस येऊन मिळाले. नागपूरलगतच्या टाकळी येथे ह्या दोघांस काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये दबलेला गाळाचा एक थर आढळला, व त्या थरात गोड्या पाण्यातील शंख, वनस्पतींची बीजे, लाकूड अशा अनेक वस्तू दगड होऊन पडलेल्या दिसल्या. जेथे लाव्हारसाने भूमी झाकली, तेथेच मधल्या काळात तळी होती व त्यांत जीव नांदत होते, असा ह्याचा अर्थ. सीताबर्डीची टेकडी रोज पाहणाऱ्यास ही गोष्ट किती विलक्षण वाटावी!

पुढे कामठीच्या वालुकाश्मात त्यांस जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळाले. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथील दगडात एका प्राचीन उभयचराची कवटी सापडली. लंडनमध्ये रिचर्ड ओवेन ह्यांनी १८५५ साली तिचे वर्णन करून त्या प्राण्यास ब्रॅकिऑप्स हे नाव दिले. तो सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

दगड फोडून घरी आणणे कोणासही साधते. तो कोठला, कोणत्या थरातला, त्याच्यावर काय होते व खाली काय होते, हे टिपून ठेवण्याचा कंटाळा न करणारे विरळा. हिस्लॉप व हंटर ह्यांनी नागपूर परिसरातील थरांचा क्रम लावून तो १८५५ साली लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या त्रैमासिकात प्रसिद्ध केला. टाकळीच्या थराचे वय हिस्लॉप ह्यांनी प्रत्यक्षाहून अलीकडचे ठरविले होते. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, असे पुढील संशोधनाने दाखविले. वयाचा अंदाज बदलला, तरी थरांची नोंद मात्र पुढील संशोधकांच्या उपयोगी पडली. त्याच १८५५ साली प्रकृती बिघडल्यामुळे हंटर मायदेशी परतले, व कामाचा भार एकट्या हिस्लॉप ह्यांवर पडला. तरीही ते दगडांवरच थांबले नाहीत. गोंडांच्या वस्त्यांत जाऊन त्यांनी त्यांची भाषा, चालीरीती व लिंगोची कथा टिपून घेतली. एका हिरवट खनिजास व गोड्या पाण्यातील एका सूक्ष्म प्राण्यास शास्त्रज्ञांनी त्यांचेच नाव दिले आहे.

सप्टेंबर १८६३ मध्ये मध्यप्रांताचे अधिकारी रिचर्ड टेंपल ह्यांच्यासमवेत ते टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहावयास गेले. परतताना ते मागे राहिले व घोड्यावरून एकटेच निघाले. पावसाने बोरीजवळचा नाला दुथडी भरला होता. त्यात ते ४ सप्टेंबर रोजी वाहून गेले. वयाची ४६ वर्षे पूर्ण होण्यास अवघे चार दिवस उरले होते.

गोंडांविषयीचे त्यांचे कागद अपुरे व विस्कळीत होते. टेंपलसाहेबांनी ते एकत्र करून १८६६ साली छापून काढले.