नेव्हिल डिसूझा आणि त्यांना लाभलेला संघ

ठाणे-कल्याणच्या बाजूला मैदान म्हटले की क्रिकेटचे स्टंप, नाहीतर कबड्डीची चुन्याची रेघ. फुटबॉल निघतो तो पावसाळ्यात, चिखलात, तोही अनवाणी. त्यामुळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील भारतीय संघाचे गोलरक्षक एस. एस. नारायण २०२१ साली ठाण्यात वारले, तेव्हा असा माणूस आपल्या इतक्या जवळ होता हे आम्हां बहुतेकांना वर्तमानपत्रातूनच कळले. त्याच संघातले त्यांचे मुंबईकर सोबती नेव्हिल डिसूझा यांची ही ओळख.

नेव्हिल यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी गोव्यातील आसगावचा. खेळाडू म्हणून ते नावारूपाला आले मुंबईत. मुंबईने १९५४ साली संतोष करंडक पहिल्यांदा जिंकला, त्या काळातले ते मुंबईचे आघाडीचे खेळाडू. पुढे १९५८ साली कॅलटेक्सच्या संघाने रोव्हर्स चषक पटकावला, त्यातही ते होते. पण एवढ्यावर त्यांचे नाव आज कुणी घेतले नसते. त्यांचे नाव राहिले ते मेलबर्नच्या एका आठवड्यामुळे, आणि त्या आठवड्यासाठी हैदराबादच्या एका शिक्षकाचे आभार मानले पाहिजेत.

सय्यद अब्दुल रहीम हे ते शिक्षक, भारतीय संघाचे प्रशिक्षक. १९५२ साली हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने भारताला दहा विरुद्ध एक असे धुऊन काढले होते. रहीम त्यातून शिकले. आपल्याकडे चेंडू पायाशी घोळवत तीन-चार जणांना चकवणारा तोच कलावंत, अशी समजूत होती (आमच्या कॉलेजच्या संघात ती अजूनही आहे). रहीम यांनी ड्रिब्लिंगला बंदी असलेल्या स्पर्धाच भरवल्या. चेंडू आला की जमिनीलगत पुढे द्यायचा, आणि दिल्यावर उभे न राहता मोकळी जागा शोधायची.

वरवर पाहता अशा शिस्तीत कल्पक खेळाडूचा जीव गुदमरावा. नेव्हिल यांच्या बाबतीत नेमके उलटे घडले. चेंडू कुठे येणार हे आधी ओळखून तिथे पोचणे ही त्यांची कला. मात्र ही कला एकट्याने दाखवता येत नाही. कुणीतरी चेंडू वेळेवर सोडला तरच ती दिसते. नाहीतर तोच खेळाडू नव्वद मिनिटे इकडेतिकडे धावताना दिसतो, आणि काठावरचे लोक त्याला आळशी म्हणतात.

पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतली, म्हणून भारताचा पहिलाच सामना १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाशी झाला. नवव्या मिनिटाला कर्णधार समर बॅनर्जी यांचा फटका गोलच्या चौकटीवर आदळून परत आला. नेव्हिल तिथे होतेच, त्यांनी डोक्याने तो आत घातला. ३३ व्या मिनिटाला उजव्या बगलेवरून पी. के. बॅनर्जी यांनी चेंडू आत टाकला, दुसरा गोल. मध्यंतरानंतर, ५० व्या मिनिटाला, तिसरा. भारत चार विरुद्ध दोन असा जिंकला आणि ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारे नेव्हिल हे पहिले आशियाई ठरले. उपान्त्य फेरी गाठणारा भारत हाही पहिलाच आशियाई देश.

तीनच दिवसांनी समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. मध्यंतरापर्यंत कोरी पाटी, आणि ५२ व्या मिनिटाला गोल केला तो नेव्हिल यांनीच! भारत पुढे! पण नंतरच्या पाव तासाच्या आत युगोस्लाव्हियाने तीन गोल केले. चौथा आपल्याच बचावपटूकडून झाला. भारताला मागे रेटले गेले, चेंडू पुढे येणे थांबले, आणि त्याबरोबर नेव्हिलही थांबले. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने तीन-शून्य हरवले. तिथे त्यांच्या नावावर काहीच नाही. खेळाडू तोच, आठवडाही तोच. नेव्हिल यांचा पाय अचानक बिघडला असे मला वाटत नाही; त्यांच्यामागचा खेळ तुटला होता.

तरीही चार गोलांसह ते त्या स्पर्धेत संयुक्तपणे अव्वल ठरले. बरोबरीला होते युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव, म्हणजे भारताला हरवणाऱ्या दोन संघांतला एकेक.

रहीम १९६३ साली गेले. नेव्हिल १७ मार्च १९८० रोजी वारले. वय अवघे ४७. मेलबर्नचा तो चौथा क्रमांक ऑलिंपिकमध्ये भारतीय फुटबॉल संघाला पुन्हा गाठता आलेला नाही.