कचेरीतला कवी : बी. रघुनाथ

परभणी : सात सप्टेंबर १९५३. परभणीच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत नेहमीप्रमाणे काम सुरू होते. कागदपत्रे हातावेगळी करीत बसलेल्या एका कारकुनाला हृदयविकाराचा झटका आला आणि तेथेच त्याची प्राणज्योत मालवली. चाळिशी पूर्ण होऊन त्याला अवघे तेवीस दिवस झाले होते. या कारकुनाचे नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. मराठी वाचक त्यांना बी. रघुनाथ या नावाने ओळखत होते. मराठवाड्याच्या आधुनिक साहित्याचा विचार ज्या नावाला टाळून करता येत नाही, ते हे नाव.

त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१३ रोजी सातोना येथे झाला. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. १९८१ मध्ये जालना जिल्हा अस्तित्वात आला आणि परतूर तालुक्यासह ते तिकडे गेले. हैदराबाद संस्थानावर त्या वेळी सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांची सत्ता होती. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे पाच मराठी भाषक जिल्हे याच संस्थानात होते. घरात, शेतात, बाजारात मराठी बोलली जाई; मात्र कचेरी, न्यायालय आणि उच्च शिक्षण यांची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठीत लिहू पाहणाऱ्या तरुणाला आपल्या भाषेत सरकारदरबारी साधा अर्जही करता येत नव्हता, असा तो काळ.

भगवान कुलकर्णी यांचे शालेय शिक्षण हैदराबादेत विवेक वर्धिनी या संस्थेत झाले. वामनराव नाईक, केशवराव कोरटकर यांच्यासारख्या धुरीणांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये उभी राहिलेली ही शाळा म्हणजे राजधानीतील मराठी माणसांचा मोठा आधार होता. १९३२ मध्ये ते मॅट्रिक झाले. पुढे शिकण्याची ऐपत नव्हती. जगभर मंदीचे सावट होते आणि मिळेल ती नोकरी धरणे भाग होते. निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात ते कारकून म्हणून रुजू झाले आणि परभणी हीच त्यांची कर्मभूमी ठरली. ही नोकरी अखेरच्या क्षणापर्यंत सुटली नाही.

दोन दशकांचा संसार

नोकरी आणि लेखन यांचा त्यांचा संसार जेमतेम दोन दशकांचा. एवढ्या अवधीत त्यांनी जे लिहिले, त्याचा आवाका थक्क करणारा आहे. सात कादंबऱ्या, पाच कथासंग्रह, दोन कवितासंग्रह आणि 'अलकेचा प्रवासी' हे ललित लेखनाचे पुस्तक, अशी ही शिदोरी. 'हिरवे गुलाब', 'बाबू दडके', 'उत्पात' आणि 'म्हणे लढाई संपली' या चार कादंबऱ्या तर १९४३ ते १९४६ या चार वर्षांत, वर्षाला एक याप्रमाणे प्रसिद्ध झाल्या. दिवसभर सरकारी टिपणे लिहिणाऱ्या हाताने उरलेल्या वेळात ही पाने लिहिली. साऱ्याच पुस्तकांचा कस सारखा नाही. तरीही प्रकाशन संस्था, नियतकालिके आणि समीक्षक यांच्या पुण्या-मुंबईच्या वर्तुळापासून शेकडो मैल दूर, उर्दूच्या राज्यात बसून एका लेखकाने हा पसारा मांडला, याचे मोल वेगळे आहे.

आजूबाजूच्या उर्दूकडे त्यांनी पाठ फिरवली नाही. त्यांच्या पुस्तकांची नावे पाहिली, तरी ही गोष्ट लक्षात येते. १९४० च्या पहिल्या कथासंग्रहाचे नाव 'साकी'. ते थेट फार्सी-उर्दू काव्याच्या मैफलीतून आलेले आहे. 'अलकेचा प्रवासी' हे नाव कालिदासाच्या मेघदूतातील यक्षनगरीची आठवण करून देते. १९४८ च्या संग्रहाला त्यांनी 'फकिराची कांबळी' म्हटले.  उर्दूची नजाकत, संस्कृतचे संस्कार आणि गोदाकाठची लोकभाषा या तिन्हींचे पाणी त्यांच्या मराठीत मिसळले. सत्ताधाऱ्यांच्या भाषेबद्दल कटुता बाळगायला पुरेशी कारणे असताना त्यांनी त्या भाषेतले जे सुंदर होते, ते आपल्या भाषेत आणून रुजवले.

आलापाकडून प्रश्नाकडे

कवी म्हणून त्यांची ओळख १९४१ च्या 'आलाप आणि विलाप' या संग्रहाने पक्की झाली. गेयता हा या कवितेचा स्वभाव. प्रेम, विरह आणि हुरहुर हे त्या काळच्या मराठी कवितेचे नेहमीचे विषय येथेही आहेत. पण नावातच आलापाशेजारी विलाप बसलेला आहे. पुढच्या काळात हा विलाप व्यक्तिगत दुःखापुरता राहिला नाही. महायुद्ध, टंचाई, महागाई आणि सरंजामी व्यवस्थेखाली दबलेला शेतकरी यांचे पडसाद कवितेत उमटू लागले. ज्या भूमीत जनाबाई आणि नामदेव झाले, त्या भूमीतला हा कवी. विठोबा आणि टाळ-मृदंग हे त्याच्या घरचे शब्द. नेमक्या याच शब्दांतून त्याने श्रद्धेची जुनी ठाणी ओस पडल्याची जाणीव व्यक्त केली. अशा काळात कवीने गुणगान तरी कोणाचे करावे, हा त्यांच्या गाजलेल्या कवितेतील प्रश्न आजही वाचकाला अस्वस्थ करतो.

मराठी नवकवितेचा आरंभ सांगताना बा. सी. मर्ढेकर यांच्या १९४७ च्या 'काही कविता'चा उल्लेख प्रथम होतो, आणि ते योग्यच आहे. पण जुन्या संतपरंपरेच्या प्रतिमा हाताशी धरून नव्या काळाची पोकळी दाखवणारा दुसरा एक कवी त्याच सुमारास परभणीत लिहीत होता, हे सहसा सांगितले जात नाही. मर्ढेकरांपुढे मुंबईसारखे महानगर होते, बी. रघुनाथांपुढे कचेऱ्यांचे, मोंढ्याचे आणि धुळीच्या रस्त्यांचे जिल्ह्याचे गाव होते. आधुनिक जाणीव केवळ महानगरातच जन्मते, हा समज त्यांच्या कवितेपुढे टिकत नाही.

स्वातंत्र्य तेरा महिन्यांनी

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तो त्यांचा चौतिसावा वाढदिवस होता. परभणीवर मात्र त्या दिवशीही निजामाचीच सत्ता होती. त्यानंतरचे तेरा महिने रझाकारांच्या दहशतीचे आणि मुक्तिसंग्रामाचे होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान शरण आले, तेव्हा मराठवाड्याला स्वातंत्र्य मिळाले. पुढच्याच वर्षी 'जगाला कळले पाहिजे' ही त्यांची कादंबरी प्रसिद्ध झाली.

मुक्त मराठवाड्यात त्यांना अवघी पाच वर्षे मिळाली. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये औरंगाबादेत विद्यापीठ झाले, १९६० मध्ये महाराष्ट्र घडला. यातले काहीही पाहायला ते उरले नाहीत. गावगाड्यातील सरंजामी वर्गाचे चित्रण करणारी 'आडगावचे चौधरी' ही कादंबरी १९५४ मध्ये, 'पुन्हा नभाच्या लाल कडा' हा दुसरा कवितासंग्रह आणि 'आकाश' हा कथासंग्रह १९५५ मध्ये, तर 'काळी राधा' १९५६ मध्ये वाचकांसमोर आला. ही चारही पुस्तके लेखकाला हातात घेता आली नाहीत.

परभणीने आपल्या कवीला विस्मृतीत जाऊ दिलेले नाही. शहरातील सभागृहाला त्यांचे नाव आहे. छत्रपती संभाजीनगर येथे त्यांच्या स्मृतिदिनाचे निमित्त साधून त्यांच्या नावाचा साहित्य पुरस्कार दिला जातो आणि तो मिळणे हा मराठी लेखकांना सन्मान वाटतो. मात्र सभागृहात ये-जा करणाऱ्या किती जणांनी त्यांचे एखादे पुस्तक उघडले असेल, हा प्रश्न उरतोच. ज्या भाषेत साधा अर्ज करण्याचीही सोय नव्हती, त्या भाषेत या माणसाने पंधरा पुस्तके लिहिली. आज ती भाषा कचेरीतही आहे आणि शाळेतही. येत्या सात सप्टेंबरला प्रतिमेला हार घालून झाल्यावर वाचनालयातून त्यांच्या कवितांचे पुस्तक मागून घ्यावे आणि शांतपणे चार पाने वाचावीत. तेवढे ऋण परभणीकरांना सहज फेडता येईल.