शेतकऱ्यांचे कैवारी जोतीराव फुले

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. प्रवेश-अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे 'शेती' लिहिताना माझी लेखणी अडखळली. वाकडला आता शेती उरलीच कुठे, असे मैत्रिणीने सहज विचारले, तेव्हा मी गप्प बसले. या गप्प बसण्याची लाज मला जोतीरावांचे चरित्र वाचताना वाटली.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण, मूळ आडनाव गोऱ्हे. फुलांच्या धंद्यावरून घराणे 'फुले' झाले. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणारे आणि १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन करणारे जोतीराव आपणां सर्वांना ठाऊक आहेत. शेतकऱ्यांचे जोतीराव मात्र आपण फारसे वाचत नाही.

१८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगा केला. कर्जखते जाळली गेली. शहराला दंगा दिसला. त्यामागचा हिशेब दिसला नाही. तो जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात मांडला. शेतसारा, सावकार, कोर्टकचेरी, धर्मकृत्यांचा खर्च या साऱ्यांत कुणबी कसा पिळला जातो, हे त्यांनी उलगडून दाखविले. नुसती तक्रार करून ते थांबले नाहीत. पावसाचे पाणी शेतातच मुरावे म्हणून ताली-बंधारे घालावेत, त्या कामी पोलीस व पलटणीतील रिकामे हात लावावेत, पिकांची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत, अशा सूचना त्यांनी केल्या.

पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधू' पत्रात आली. पुढची छापण्यास संपादक कचरले. परंतु जोतीराव छापखान्यावर अवलंबून राहिले नाहीत. पुणे, जुन्नर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी ग्रंथातील भाग लोकांना स्वतः वाचून दाखविले. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ समारंभ झाला. दागदागिन्यांनी नटलेल्या मंडळींत जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात गेले. खरी प्रजा पाहायची असेल तर खेड्यांत जावे, असे त्यांनी पाहुण्यांना सुनावले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

सुट्टीत मी 'असूड' आजीला वाचून दाखविला. तिला अक्षरओळख नाही. तालींचा भाग आला तशी तिने मला थांबविले. आमच्या रानात ताल कुठे होती, पहिल्या पावसात ती फुटली की सारे घर पाट्या घेऊन कसे धावे, हे ती सांगू लागली. त्या जागी आता डांबरी रस्ता आहे. मी एवढी शिकलेली, पण हे तिला कधी विचारलेच नव्हते.

आमचे अकरा गुंठे उरले आहेत. त्यांच्या सौद्याचे बोलणे घरात चालू आहे. ते थांबविणे माझ्या हाती नाही. पण परवा मी त्या मैत्रिणीला रानात नेले. तिने मेथी उपटून पाहिली. आजीने तिला वाफ्याला पाणी कसे देतात ते दाखविले.

जोतीरावांना याहून निराळे अभिवादन मला सुचत नाही.