डासांचा माग काढणारे डॉ. रोनाल्ड रॉस

रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे झाला. १८८३ मध्ये ते लष्करी डॉक्टर म्हणून बंगलोरला होते. बंगल्यात डास फार! खिडकीबाहेरच्या पिंपात त्यांना अळ्या वळवळताना दिसल्या. पिंप उपडं केलं, तसे डास कमी झाले.

पुढे २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला त्यांना डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी सापडले. १९०२ मध्ये नोबेल मिळालं. १९३२ मध्ये त्यांचं निधन झालं.

पालकहो, मुलांच्या खोलीत कॉइलचा धूर करण्याआधी खिडकीबाहेर बघा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून कूलर, पिंप, कुंडीखालची ताटली दर आठवड्याला घासून कोरडी करा. रात्री मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.