हुआन दे ला सिएर्वा

हुआन दे ला सिएर्वा (२१ सप्टेंबर १८९५, मुर्सिया – ९ डिसेंबर १९३६, क्रॉयडन) हे स्पॅनिश अभियंते व ऑटोजायरो या विमानाचे जनक होते. रोटरच्या पात्यांना मुळाशी बिजागरी देण्याची कल्पना प्रत्यक्ष उड्डाणात त्यांनी यशस्वी केली. पुढील काळातील बहुतेक हेलिकॉप्टरांची रचना त्याच कल्पनेवर आधारलेली आहे.

पूर्वायुष्य
त्यांचे वडील राजकारणी होते व स्पेनच्या मंत्रिमंडळात त्यांनी काम केले होते. हुआन यांनी १९१२ मध्ये दोन मित्रांसह एक विमान तयार केले. ते ‘खेकडा’ या टोपणनावाने ओळखले जाई. पुढे माद्रिद येथे त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्यांनी रचलेले तीन इंजिनांचे बाँबफेकी विमान १९१९ मध्ये चाचणीच्या वेळी जमिनीलगत वेग कमी पडून कोसळले. वेग मंदावला तरी उत्थापक बल टिकवून धरणारे विमान हवे, या विचाराने ते फिरत्या पंखांकडे वळले.

पात्यांचा प्रश्न
ऑटोजायरोत इंजिन केवळ पुढचा पंखा फिरवते. माथ्यावरचा रोटर वाऱ्याच्या झोताने आपोआप फिरतो. सिएर्वा यांची पहिली यंत्रे मात्र धावपट्टीवरच एका कुशीवर कलंडत. पुढे जाणाऱ्या पात्यावर हवेचा वेग जास्त, तर मागे येणाऱ्या पात्यावर कमी असतो. त्यामुळे दोन बाजूंचे उत्थापक बल असमान होते. लहान प्रतिकृती मात्र सुरळीत उडत असे. तिची पाती लवचीक होती, मोठ्या यंत्राची ताठ, हा भेद सिएर्वा यांनी हेरला. सी. ४ या यंत्रात त्यांनी पात्यांना वरखाली हलू देणारी बिजागरी बसविली आणि जानेवारी १९२३ मध्ये गेताफे येथे ते उडाले. सैल पाते वर दुमडून जात नाही, कारण केंद्रोत्सारी बल त्याला ताणून धरते.

तथापि प्रश्न अर्धाच सुटला होता. वरखाली हलणारे पाते प्रत्येक फेऱ्यात आपल्या भ्रमणप्रतलातही मागेपुढे ओढले जाते व मुळाशी धातू थकत जातो. १९२७ मध्ये इंग्लंडमध्ये उड्डाणातच पाते तुटून अपघात झाला. त्यानंतर दुसरी, आडव्या हालचालीची बिजागरी आली. १९२८ मध्ये सिएर्वा यांनी स्वतः प्रवाशासह इंग्लिश खाडी ओलांडली. १९३२ मध्ये त्यांना गुगेनहाइम पदक मिळाले.

अखेर
स्पेनमधील जुलै १९३६ च्या लष्करी उठावापूर्वी फ्रँको यांना कॅनरी बेटांहून मोरोक्कोला नेणारे विमान भाड्याने मिळवून देण्यात त्यांचा हात होता. त्यामुळे मायदेशात त्यांचे नाव आजही वादग्रस्त आहे. त्याच वर्षी दाट धुक्यात क्रॉयडनहून निघालेले प्रवासी विमान कोसळून वयाच्या ४१ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. ते विमान नेहमीच्या स्थिर पंखांचे होते.

नंतरचा विकास
धातूच्या पात्यांची कंपने फेऱ्यांच्या गतीशी जुळू नयेत, यासाठी अभियंत्यांना पाती, बिजागऱ्या आणि शामक यांचा मेळ घालावा लागे. काचतंतूंच्या संयुक्त पदार्थाने मार्ग बदलला. तंतूंची दिशा ठरवून पाते वाकण्यात लवचीक व पिळण्यात ताठ ठेवता येते. शिवाय त्यात चीर धातूपेक्षा सावकाश वाढते. १९६७ मध्ये उडालेल्या जर्मन बो १०५ मध्ये वरखाली व आडव्या हालचालींच्या दोन्ही बिजागऱ्या काढून टाकल्या होत्या. ते काम पात्याचे लवचीक मूळच करी. भारतीय ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरचा रोटरही याच प्रकारचा आहे.